स्लॅबांतलीं भोंकें

काँक्रीटचा स्लॅब पेट घेत नाहीं आणि खालची आग कांहीं काळ तरी वर येऊं देत नाहीं, हें खरें. पण त्याच स्लॅबांतून नळ, विजेच्या तारा आणि दूरध्वनीच्या केबली वर नेण्यासाठीं आपण भोंकें पाडतों. गवंड्याचें काम तोंवर आटोपलेलें असतें. वायरमन तार ओढून निघून जातो. भोंक बुजविण्याचें काम कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. ही हेळसांड किती महाग पडते, तें १९७५ सालीं अमेरिकेंत महिन्याभराच्या आंत लागलेल्या दोन आगींनीं दाखविलें.

पहिली २७ फेब्रुवारीची. न्यूयॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यूवरील टेलिफोन-कचेरीच्या तळघरांत, केबलींच्या कोठडींत, मध्यरात्रीनंतर ती लागली. इमारत भक्कम होती; परंतु केबलींसाठीं ठेविलेल्या वाटांनींच आग आणि धूर वर चढले. सुमारें १,७०,००० दूरध्वनि मुके झाले. ते तीनएक आठवड्यांत पुन्हां बोलूं लागले. प्लॅस्टिकच्या वेष्टणांचा जो विषारी धूर त्या रात्रीं शेंकडों बंबवाल्यांच्या छातींत गेला, त्याचा हिशेब मात्र त्यांचीं कुटुंबें पुढें कित्येक वर्षें मांडीत होतीं.

दुसरी आग आम्हांस अधिक विलक्षण वाटते, कारण ती भोंक बुजवितांनाच लागली. २२ मार्च रोजीं अलाबामांतील ब्राउन्स फेरी येथील अणुवीजकेंद्रांत, नियंत्रण-कक्षाखालच्या केबलींच्या खोलींत, भिंतींतील भोंकांतून हवा गळते कीं काय हें दोघे कामगार पाहत होते. पाहण्याचें साधन काय, तर जळती मेणबत्ती! गळतीच्या जागीं ज्योत आंत ओढली गेली आणि बुजवणीसाठीं वापरलेलें फेसाळ पॉलियुरेथेनच पेटलें. विजेच्या भीतीनें पाणी मारण्यास विलंब झाला. आग सुमारें सात तास चालली, सोळाशेंहून अधिक केबली बिघडल्या. अणुभट्ट्या सुरक्षितपणें बंद करतां आल्या, हें सुदैव.

नुसतें बुजविणें पुरेसें नाहीं, बुजवणीचीच अग्निपरीक्षा व्हावयास हवी, हें येथें उघड झालें. १९८१ सालीं अमेरिकेंत त्यासाठीं स्वतंत्र मानक निघालें. त्यांत बुजवणी भट्टीवर तापवून मग तिच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारतात. लोखंडी नळाभोंवतीं न जळणारी खनिज लोकर ठांसून वरून लेप दिला कीं बहुधा भागतें. प्लॅस्टिकच्या नळाचें तसें नाहीं. तो वितळला कीं पुन्हां भोंक मोकळें. म्हणून त्याच्याभोंवतीं उष्णतेनें फुगणारें कडें बसवितात. नळ मऊ पडतांच तें फुगून त्यास चेपतें आणि वाट बंद करतें.

आमच्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत अशा मोकळ्या जागा अग्निरोधक द्रव्यानें बुजवाव्या असें स्पष्ट लिहिलें आहे. तथापि इमारत पुरी होऊन दाखले मिळाल्यावरहि भोंकें पडतच राहतात. आज इंटरनेटची तार, उद्यां नवा नळ. ड्रिल पांच मिनिटें चालतें, आणि त्या भोंकाची नोंद कोणत्याहि नकाशावर होत नाहीं.