मूळ प्रतीला हात न लावता नक्कल

शाळेच्या जुन्या रजिस्टरची नक्कल करायला घेतली, आणि एका नोंदीपुढे ‘तपशील जुन्या वहीच्या पान ४७ वर’ असे लिहिलेले आढळले, तर काय कराल? तेच वाक्य उतरवले तर नवी वही वाचणाराही जुन्याच वहीच्या पान ४७ वर जाईल. तिथे त्याने खाडाखोड केली की दोन्ही वह्या बिघडल्या. नक्कल झाली असे दिसते, पण ती वरवरची असते.

संगणकात हा प्रश्न फार लवकर आला. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीमध्ये लिस्प या भाषेचे काम सुरू केले आणि १९६० साली तिच्यावरचा लेख प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोर आयबीएम ७०४ हे यंत्र होते. त्याच्या स्मृतीतला एक शब्द ३६ बिटांचा, आणि त्यात १५ बिटांचे दोन पत्ते मावत. म्हणजे प्रत्येक कप्पा इतर दोन कप्प्यांकडे बोट दाखवणार. अशा कप्प्यांची साखळी म्हणजे यादी. गंमत अशी की दोन याद्यांचे शेपूट एकच असू शकते. जोवर सगळे फक्त वाचतात तोवर कुणाचेच नुकसान नाही, आणि स्मृती वाचते. पण लिस्पमध्ये कप्प्यातला पत्ता जागच्या जागी बदलण्याचीही सोय होती. बदल करायचा, पण शेजाऱ्याला झळ लागू द्यायची नाही, तर पूर्ण नक्कल हवी.

ती अवघड का, हे वर्गात करून पाहा. फळ्यावर दहा वर्तुळे काढा, प्रत्येकातून दोन बाण कुठेही जाऊ द्या. काही फिरून मागे येऊ द्या. एका विद्यार्थ्याला केवळ बाण धरून, एका वेळी एकच वर्तुळ पाहत नक्कल करायला सांगा. एकच वर्तुळ तो दोनदा काढेल, किंवा चक्रात सापडून थांबणारच नाही. मग तो आपणहून मूळ वर्तुळावर खडूने खूण करू लागेल: ‘याची नक्कल तिथे आहे’.

सी. जे. चेनी यांच्या १९७० सालच्या पद्धतीत नेमके हेच आहे. हलवलेल्या प्रत्येक जुन्या कप्प्यात नवा पत्ता लिहून ठेवायचा. त्यांना जुनी जागा टाकूनच द्यायची होती, त्यामुळे ती खराब झाली तरी चालत होते. पण मूळही टिकवायचे असेल तर? डेव्हिड फिशर (१९७५) आणि जे. एम. रॉब्सन (१९७७) यांनी जादा स्मृती जवळजवळ न वापरता नक्कल करण्याच्या रीती दिल्या: काम चालू असताना मूळ रचनेवरच गिरवायचे आणि शेवटी सगळे पूर्ववत करायचे. बुद्धीची कमालच. तरी आम्हाला ते वाचताना धडकी भरते. मध्येच प्रोग्राम थांबला, किंवा त्याच क्षणी दुसरा प्रोग्राम मूळ रचना वाचत असला, तर?

मूळ रचना ‘फक्त वाचण्यासाठी’ असेल, तर खडूची खूण करताच येत नाही. मग खुणांची वही वेगळी ठेवायची: जुना पत्ता एका रकान्यात, नवा दुसऱ्यात. १९९१ साली प्रथम उपलब्ध झालेल्या पायथन भाषेतील ‘डीपकॉपी’ असेच करते. पायथनमधला ट्यूपल हा न बदलणारा संच. त्याची साधी नक्कल मागितली तर तोच संच परत मिळतो, आणि ते रास्तही आहे. मात्र ट्यूपलच्या आत बदलता येणारी यादी असू शकते. कपाटाला कुलूप, पण आतल्या फायलीची किल्ली सर्वांकडे, असा हा प्रकार.

आम्ही इथेच फसलो. उपकरणाच्या अंशांकनाचा तक्ता ट्यूपलमध्ये होता म्हणून सुरक्षित समजलो. त्याच्या ‘नकले’तून दर वेळी पार्श्वभूमी वजा करत होतो. पहिल्या नमुन्याचे उत्तर बरोबर, दुसऱ्यापासून घसरण. तीन आठवडे आम्ही उपकरणावर संशय घेतला.

‘डीपकॉपी’ अशा वेळी आतल्या याद्यांच्या नव्या प्रती करते आणि ट्यूपलही नवा बांधते. आत काहीच बदलण्याजोगे नसेल, तर सगळे तपासून मूळ ट्यूपलच परत देते.