दुःख, श्रद्धा आणि करुणा : चीनमधील भारतीय वैद्यकीय पथकाच्या निमित्ताने

भारत आणि चीन यांच्या संबंधांचा विचार करताना आपल्या अभ्यासकांची दृष्टी बहुधा फाहियान, ह्युएनत्संग व इत्सिंग यांच्यापाशी येऊन थांबते. धम्मग्रंथांच्या शोधार्थ तिकडून इकडे आलेल्या या यात्रिकांचे ऋण मोठे आहेच. परंतु विसाव्या शतकात औषधे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे घेऊन इकडून तिकडे गेलेल्या एका लहानशा पथकाचा इतिहासही पालि साहित्याच्या अभ्यासकाने मनन करावा असा आहे. येथे तो आम्ही एका मर्यादित प्रश्नाच्या संदर्भात मांडीत आहोत. तो प्रश्न असा की, परदेशी सेवेस जाणारा मनुष्य श्रद्धा बरोबर घेऊन जातो, की ती त्याला तेथे लाभते?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशाला आवाहन केले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले डॉ. अटल हे पथकप्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे त्यांचे सहकारी होत. कोटणीसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते.

चुंगकिंग येथे शांतिनिकेतनातील चीन भवनाचे संचालक तान युन-शान यांनी या पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हा शब्द होता. याच मुक्कामी कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत जाण्याची मोकळीक असतानाही ते पुढे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. कालांतराने आजारपण व अन्य कारणांनी तिघे स्वदेशी परतले, बसू आणि कोटणीस मागे राहिले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचा नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने मृत्यू झाला होता. शत्रूच्या पिछाडीस असलेल्या ज्या डोंगराळ प्रदेशात त्यांनी सेवा केली, तेथेच कोटणीस गेले आणि १९४१ च्या आरंभी बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. ते चिनी भाषा शिकले व त्याच भाषेतून अध्यापन करू लागले. परिचारिकांच्या शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोटणीसांनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले ते जुलै १९४२ मध्ये, म्हणजे मुंबई सोडल्यावर जवळजवळ चार वर्षांनी. जखमींची शुश्रूषा आधी घडली, निष्ठेचा उच्चार मागाहून झाला. हा क्रम पालि वाङ्मयाच्या वाचकास अपरिचित वाटू नये. संयुत्तनिकायातील उपनिसा सुत्तात प्रतीत्यसमुत्पादाची जी साखळी येते, तीत जन्मानंतर दुःख आणि दुःखाच्या आधारे श्रद्धा सांगितली आहे. त्या श्रद्धेतून प्रामोद्य, प्रीती, प्रश्रब्धी अशी वाटचाल पुढे समाधीकडे जाते. दुःखाशी गाठ पडल्यावाचून श्रद्धेला उपनिस, म्हणजे निकटचा आधार, मिळत नाही असा याचा आशय आहे.

करुणेविषयीचे आचार्य बुद्धघोषांचे विवेचनही येथे उपयोगी पडते. विसुद्धिमग्गात दुःखाने ग्रासलेल्यांची अनाथता दिसणे हे करुणेचे निकट कारण मानले आहे. क्रौर्य हा तिचा दूरचा शत्रू आणि शोक हा जवळचा शत्रू होय. शोक करुणेसारखाच भासतो, परंतु तो माणसाला हतबल करतो. कोटणीसांची करुणा शोकात विरली नाही. तिने रुग्णालय चालविले, विद्यार्थी घडविले. मृत्यूसमयी ते शस्त्रक्रियेचे एक पाठ्यपुस्तक लिहीत होते.

यावर एक आक्षेप संभवतो. निकायांतील श्रद्धेचा विषय तथागतांची बोधी हा आहे, तर कोटणीसांची निष्ठा एका राजकीय पक्षावर होती. हा भेद आम्हास मान्य आहे आणि त्यांना बोधिसत्त्व ठरविण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्याच युद्धात जपानमधील अनेक बौद्ध संप्रदायांनी आपल्या सरकारच्या आक्रमणास पाठिंबा दिला होता, हेही आपण विसरू नये. त्यांच्यापैकी सोतो संप्रदायाने १९९२ मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. उलटपक्षी, ज्या पक्षावर कोटणीसांनी विश्वास ठेवला, त्याच पक्षाच्या राजवटीत सांस्कृतिक क्रांतीच्या काळात अनेक विहारांचा विध्वंस झाला. श्रद्धेचा विषय कितीही थोर असो, तो करुणेची हमी देत नाही, हे या दोन्ही घटनांवरून दिसते. ज्या दुःखातून श्रद्धा उपजली ते दुःख दृष्टीआड झाले, की तिच्या नावाने हिंसेचेही समर्थन होऊ लागते. आम्हा बौद्धांना हा इशारा अधिक लागू आहे, कारण करुणा हा शब्द आमच्या तोंडी नित्य असतो.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. होपेई प्रांतातील शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. चीनला जाणाऱ्या आपल्या यात्रिकांनी प्राचीन गुंफा व विहार अवश्य पाहावेत, आणि सवड काढून या समाधीपाशीही क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.