मालीश : स्नायूंच्या दुखण्यावरील उपचार आणि त्याच्या मर्यादा

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात वसलेले ब्राह्मणपुरी हे शेतीवर जगणारे गाव. ऊस, केळी, पपई आणि कापूस ही या पट्ट्यातील प्रमुख पिके. दिवसभर वाकून किंवा ओझी उचलून काम केल्यावर कंबर धरते, उसण भरते, खांदे भरून येतात. शहरात तासन्‌तास संगणकापुढे बसणाऱ्यांची मानही अशीच आखडते. दोन्हीकडे पहिला उपाय एकच, तो म्हणजे तेल लावून चोळणे. या उपायाने अल्पकाळ आराम मिळू शकतो. मात्र दुखणे स्नायूंचे आहे याची आधी खात्री हवी.

परंपरा आणि शास्त्र

वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात नित्य अभ्यंग सांगितला असून डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सुचविले आहे. अजीर्ण झालेल्यांना मात्र तेथेच अभ्यंग वर्ज्य ठरविला आहे. कोल्हापूरच्या तालमींतही व्यायामानंतरचे अंगमर्दन हा मल्लांच्या दिनचर्येचा भाग असतो. युरोपात १९व्या शतकात डच वैद्य योहान मेत्सगर यांनी मालीशच्या पद्धतींचे वर्गीकरण केले. हात हलकेच फिरविणे, कणकेप्रमाणे मळणे, घर्षण आणि थापटणे हे त्याचे मुख्य प्रकार होत.

स्नायूत बोटांना जाणवणाऱ्या दुखऱ्या गाठीला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये त्यावरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. अशा गाठीची वेदना दूरवर जाणवू शकते. मानेतील गाठीमुळे डोके दुखते, ते यामुळेच. गाठीवर सोसेल इतका दाब देऊन नंतर स्नायू ताणल्यास अनेकांना आराम पडतो. या गाठींच्या मूळ कारणाविषयी मात्र तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. कंबरदुखीवरील २५ चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ने २०१५ मध्ये घेतला. मालीशने अल्पकाळ आराम मिळतो, पण पुरावा भक्कम नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणूनच मालीशला व्यायामाची आणि बसण्या-उठण्याच्या योग्य सवयींची जोड आवश्यक ठरते.

प्रत्येक दुखणे स्नायूंचे नसते

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही बाब अधिक महत्त्वाची आहे. येथील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती यांत तीव्र वेदना उठतात. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, जंतुसंसर्ग आणि अतिश्रम ही त्याची नेहमीची निमित्ते. उन्हात राबणाऱ्या तरुणाचे असे दुखणे ‘अंग कसकसतेय’ म्हणून चोळत बसल्यास उपचाराला उशीर होतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

वेदना वारंवार उठत असतील, सोबत डोळे पिवळे दिसत असतील किंवा घरात हा विकार असेल, तर रक्ततपासणी करून घ्यावी. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने निदान पक्के होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून तपासणी हा त्याचा मुख्य भाग आहे.

मालीश केव्हा टाळावी?

* एकाच पायाला सूज, लाली व उष्णता असल्यास. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.
* हाड मोडल्याची शंका असल्यास किंवा दुखापत ताजी असल्यास. विशेषतः कोपर जोरात चोळल्यास स्नायूत हाड तयार होऊन सांधा आखडू शकतो.
* ताप, त्वचेवर जखम किंवा संसर्ग असल्यास.
* रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असल्यास डॉक्टरांना विचारूनच करावी.

कंबरदुखीसोबत पाय लुळे पडत असतील किंवा लघवीवरील ताबा सुटत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. एरवीचे दुखणेही दोन-तीन आठवड्यांत कमी न झाल्यास डॉक्टर किंवा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेणे हिताचे.