चांदोरी–सायखेडा : पूरनियोजन

चांदोरी–सायखेडा : नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरीच्या दोन काठांवर वसलेली, वारंवार पूर येणारी गावे. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ हे अलीकडचे मोठे पूर.

पूर येतो तो मुख्यतः घाटमाथ्यावरील पावसाचा. गावात आभाळ कोरडे असले तरी पाणी चढते. दारणासांगवीजवळ दारणा आणि नांदूरमध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते. गंगापूर व दारणा धरणांचे विसर्ग एकाच वेळी आले, तर नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यामागे फुगवटा वाढतो. बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा, कालव्यांसाठी बांधलेला. पूर अडवणे हे त्याचे काम नव्हेच. ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यातून २ लाख क्युसेकांहून अधिक विसर्ग झाला. फुगवट्यातील गाळामुळे पूर वाढतो, असे ग्रामस्थ सांगतात. मात्र हे क्षेत्र पक्षी अभयारण्य असून २०२० मध्ये रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. गाळ काढण्याचा प्रश्न त्यामुळे केवळ पाटबंधाऱ्यांचा राहिलेला नाही.

गावांचे नियोजन विसर्गाच्या आकड्यांवर चालते. धरणातून किती क्युसेक सोडले, नाशिकला रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, याची विचारणा सुरू होते. हाती काही तास उरतात. पहिले काम नदीकाठच्या पाणी उपसण्याच्या मोटारी वर काढण्याचे. त्यानंतर गुरे उंचावर नेणे आणि सायखेड्याच्या बाजारपेठेतील माल हलवणे. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकून पाणी तुंबते. त्या काढणे हे पावसाळ्यापूर्वीचेच काम, पण अनेकदा ते ऐन पुरात करावे लागते. स्थानिक तरुणांची आपत्ती व्यवस्थापन समिती बोटी व लाइफ जॅकेट घेऊन बचावकार्य करते. ही पूरव्यवस्थेतील सर्वांत भरवशाची बाजू म्हणावी लागेल.

पूररेषा : जलसंपदा विभागाच्या निकषानुसार निळी रेषा २५ वर्षांतून एकदा, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. जुन्या गावठाणातील घरे रेषा आखण्यापूर्वीची आहेत.

शेती : काठावर ऊस, द्राक्षे व भाजीपाला.

भरपाई : पंचनाम्यानंतर, शासन निर्णयातील दरांनुसार.