जेजूची बोली आणि एप्रिलचा उठाव

कोरियाच्या दक्षिणेला समुद्रात जेजू नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. एके काळी तिथे ताम्ना हे वेगळं राज्य होतं. ११०५ मध्ये ते कोऱ्यो राजवटीत विलीन झालं. जुलमी वसुली आणि वेठबिगारीला कंटाळून लोक बेट सोडून पळू लागले, तेव्हा कोऱ्योनंतरच्या जोसॉन राजांनी १६२९ पासून जवळपास दोनशे वर्षं त्यांना परवानगीशिवाय मुख्य भूमीवर जायलाच बंदी घातली. त्या कोंडीत बेटाची बोली आपल्या वाटेने वाढत राहिली. मुख्य भूमीवरून केव्हाच लोपलेला एक जुना स्वर तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आजही टिकून आहे. अलीकडे भाषाशास्त्रज्ञांनी ही बोली सोलच्या लोकांना ऐकवून पाहिली. त्यांना त्यातलं जेमतेम दहा टक्के कळलं.

जपानी अंमल संपल्यावर कोरियाच्या दक्षिण भागात अमेरिकी लष्करी प्रशासन आलं. १ मार्च १९४७ रोजी जेजूत एका सभेच्या दिवशी पोलिसाच्या घोड्याचा धक्का एका लहान मुलाला लागला, जमाव खवळला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. दहा दिवसांच्या आत अख्खं बेट संपावर गेलं. सरकारी कर्मचारीसुद्धा त्यात होते. प्रशासनाने बेटावर ‘लाल’ असा शिक्का मारला आणि मुख्य भूमीवरून पोलीस आणले. त्यांच्यासोबत ‘वायव्य युवक संघा’ची पोरं आली. कम्युनिस्ट उत्तरेतून परागंदा झालेली, सूडाने पेटलेली ही पोरं, आणि जेजूकरांचं बोलणं त्यांच्या कानाला परकं.

देशाची फाळणी पक्की करणारी निवडणूक १० मे १९४८ रोजी व्हायची होती. तिच्या विरोधात ३ एप्रिलच्या पहाटे सुमारे ३५० बंडखोरांनी १२ पोलीस चौक्यांवर हल्ले केले. हा उठाव बोलीसाठी नव्हता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण तो चिरडताना ‘हे लोक आपल्यातले नव्हेत’ ही जुनी भावना पुरेपूर वापरली गेली, हेही तितकंच खरं. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत नसलेला प्रत्येक माणूस शत्रू समजला जाईल, असा हुकूम ऑक्टोबरमध्ये निघाला. नोव्हेंबरमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि डोंगरउतारावरची गावंच्या गावं जाळली गेली. बंडखोरांनीही गावकऱ्यांचे जीव घेतले, पण बहुतांश हत्या सरकारी दलांच्या. सरकारी चौकशी समितीच्या अंदाजानुसार २५ ते ३० हजार लोक मारले गेले. म्हणजे बेटावरच्या दहांतला एक.

नंतरची तीस वर्षं जवळपास कुणीच चकार शब्द काढला नाही. मेलेल्याच्या नातेवाइकाला सरकारी नोकरी मिळेना, परदेशी जाता येईना. शाळेत आणि रेडिओवर प्रमाण कोरियनच. सोलमध्ये पोटापाण्याला गेलेला जेजूकर आपली बोली घराच्या उंबऱ्याआतच ठेवी.

१९७८ मध्ये जेजूचेच लेखक ह्यॉन गी-यंग यांनी ‘सुनी सामचोन’ ही कथा लिहून ही कोंडी फोडली. तिच्यामागे १७ जानेवारी १९४९ ची खरी घटना आहे : बुकचोन गावातले लोक शाळेच्या मैदानात गोळा करून शेतात नेले गेले आणि त्यांतल्या सुमारे तीनशे जणांना गोळ्या घातल्या गेल्या. कथेतली सुनी त्या प्रेतांखालून जिवंत निघते. पुढे ती निवेदकाच्या सोलमधल्या घरी कामाला राहते, पण तिचं बोलणं त्याच्या बायकोला समजत नाही. दुसरं एक पात्र तर अंगावर काटा आणतं. निवेदकाच्या आत्याचा नवरा मूळचा वायव्येकडचा, तेव्हाच्या दलांबरोबर बेटावर आलेला. तीस वर्षांत जेजूची बोली अस्खलित शिकलेला. पण वाद चढतो आणि त्याच्या तोंडून अचानक जुनी उत्तरेकडची बोली बाहेर पडते. हत्याकांडावरचे कितीतरी अहवाल जे सांगू शकले नाहीत, ते या एका प्रसंगाने सांगितलं. लेखकाला अटक झाली, छळ झाला, पुस्तकावर बंदी आली.

लोकशाही आल्यावर १९८९ मध्ये जेजूत या हत्याकांडावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. तिने छापलेल्या साक्षींच्या पहिल्या संग्रहाचं नावच जेजूच्या बोलीत आहे, ‘इजेसा मालहेमसुदा’ : आता कुठे बोलतोय. २००० मध्ये त्याच्या चौकशीसाठी विशेष कायदा झाला. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यॉन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली, आणि बायाबापड्या धीर करून बोलू लागल्या.

पण बोलायला भाषा तरी किती उरली? २०१० मध्ये युनेस्कोने तिला अत्यंत संकटग्रस्त भाषांत टाकलं. ती सफाईने बोलणारे बहुतेक सत्तरी ओलांडलेले. हत्याकांडात एक पिढी गेली, हजारो लोक नावांतून जपानला पळाले. ओसाकाच्या इकुनो भागात जेजूकरांची मोठी वस्ती आहे. बेटावर राहिलेल्यांच्या मुलांना प्रमाण भाषेने गाठलं. आता प्रांतिक सरकार शाळांत बोलीचे धडे ठेवतं. २०२२ च्या ‘अवर ब्लूज’ या टीव्ही मालिकेत जेजूची पात्रं आपल्या बोलीत बोलली, तेव्हा कोरियन प्रेक्षकांसाठी खाली कोरियनच अक्षरं द्यावी लागली.