कुर्डूवाडीचं तीन फुटांचं अंतर

मागच्या शुक्रवारी ऑफिसातून थेट पुणे स्टेशन गाठलं आणि सोलापूरची गाडी पकडली. कुर्डूवाडीला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या मुलाने (बहुतेक बंगळुरूला निघालेला) विचारलं, "एवढ्याशा गावाला जंक्शन कशाला?" म्हटलं, मोठी गोष्ट आहे. तेवढ्यात गाडी सुटली, तो मोबाईलमध्ये शिरला आणि माझी गोष्ट तोंडातच राहिली. ती आता तुमच्या माथी मारतोय :)

जीआयपी रेल्वेने पुण्याच्या पुढे रूळ टाकले आणि ऑक्टोबर 1859 मध्ये गाडी इथपर्यंत आली. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती सोलापूरला पोचली. तेव्हा या स्टेशनचं नाव होतं 'बार्शी रोड'. स्टेशनच्या नावात 'रोड' दिसला की समजायचं, ते गाव इथे नाही, इथून पुढे रस्त्याने जा! बार्शी ही कापसाची मोठी पेठ, आणि ती इथून 34-35 किलोमीटरवर. म्हणजे गाठी बैलगाडीतून यायच्या आणि इथे रेल्वेत चढायच्या.

मग आला एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा इंग्रज इंजिनिअर 1882 मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून लागला होता. बार्शीपर्यंत स्वस्तातली छोटी रेल्वे न्यायची हे खूळ त्याच्या डोक्यात बसलं. कंपनी स्थापन व्हायला 1895 उजाडलं आणि 1897 मध्ये बार्शी लाईट सुरू झाली. गेज अडीच फूट.

त्याची आयडिया मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. रूळ हलके टाकायचे, यार्डाला फक्त 30 पौंड वजनाचे. मग त्यावर किती भार घालायचा? तर प्रत्येक आसावर 5 टन. इंजिन असो, डबा असो की वाघीण, मर्यादा सगळ्यांना तीच. इंजिन जड लागतं ना, मग त्याला चाकं जास्त द्या आणि वजन वाटून टाका. मापं एकदा ठरवली आणि सगळी गाडी त्या मापात बसवली. या गाडीचे डबे-इंजिनं त्याने आधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना चालवून दाखवली होती. म्हणजे चक्क डेमो!

रेल्वे चालली आणि वाढली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये निजामाच्या राज्यातलं लातूर, 1927 मध्ये मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. कॅलथ्रॉप त्याच 1927 साली वारला. (मधल्या काळात या गृहस्थाने विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं, पण तो वेगळा लेख होईल.)

पण खरी गंमत कुर्डूवाडीत होती. मोठी लाईन साडेपाच फुटी, ही अडीच फुटी. बरोबर तीन फुटांचा फरक. लातूरहून आलेली वाघीण मुंबईला जाऊच शकत नाही. पंढरीचा वारकरी इथे उतरून दुसऱ्या गाडीत बसायचा. माल मात्र आपला आपण उतरत नाही. इंग्लंडमध्ये कॅलथ्रॉपच्याच दुसऱ्या एका छोट्या रेल्वेवर मोठी वाघीण अख्खी उचलून नेणारे खास डबे होते. आमच्याकडे दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नसल्या की मधे अडॅप्टर लिहितात, तसंच काहीसं. कुर्डूवाडीचा अडॅप्टर म्हणजे माणसांच्या पाठी.

त्यातली एक पाठ माझ्या आजोबांची.

कॉलेजात आम्हाला गेज बदलण्याचे तोटे शिकवले. वेळ जातो, माल खराब होतो, खर्च वाढतो. पेपरात मी ते पाचही मार्कांचं लिहून आलो. घरी येऊन आजोबांना सांगितलं तर ते हसले. गाठी, शेंगांची पोती, तुरीची डाळ, सगळं या डब्यातून त्या डब्यात. त्यावरच आमचं घर चाललं, माझे वडील शिकले. पुस्तकातला तो 'तोटा' आमच्या चुलीवर शिजत होता. आणि म्हणून ते काम चांगलं होतं असंही नाही. आजोबांचा उजवा खांदा शेवटपर्यंत वर उचलला जात नव्हता.

1954 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पण काम तेच राहिलं. ते काम खाल्लं ट्रकांनी, ब्रॉडगेजने नव्हे. लातूरचा माल सरळ रस्त्याने जाऊ लागला आणि छोट्या गाडीला उरली गर्दी, तीही कमी पैशातली. रूळ बदलायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. लातूर ते उस्मानाबाद (आताचं धाराशिव) ब्रॉडगेज 2007 मध्ये आणि तिथून कुर्डूवाडीपर्यंत 2008 मध्ये झाली. जुनी छोटी लाईन उस्मानाबादला जातच नव्हती, ते गाव नव्या मार्गामुळे रेल्वेवर आलं. मिरजेकडची बाजू त्यानंतर पूर्ण झाली. आता लातूर-मुंबई गाडी कुर्डूवाडीवरून सरळ जाते, कुणी उतरत नाही. 2023 पासून वंदे भारतही तिथे थांबते.

लातूरहून मुंबईला थेट गाडी जाते हे वडिलांनी आजोबांना सांगितलं तेव्हा मी शाळेत होतो. आजोबा अंथरुणालाच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कुर्डूवाडीला किती थांबती?"

"पाच-एक मिनिटं."

"पाच मिन्टात काय उतरतंय रं," म्हणाले आणि कुशीवर वळले.