अँगलची दाढ आणि घाटीतला जबडा

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी परिसरात १९८२ साली शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. तेथील दंतव्यंगोपचार विभागात, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'दातांना तारा लावायच्या' विभागात, विद्यार्थी रुग्णाच्या दातांची प्लास्टरची प्रतिकृती हाती घेतो, तेव्हा त्याची नजर आधी समोरच्या वेड्यावाकड्या दातांकडे नव्हे, तर मागच्या एका दाढेकडे जावी लागते. ही शिस्त घालून दिली एडवर्ड अँगल या हट्टी अमेरिकन दंतवैद्याने, १८९९ साली. आजचा धागा त्या शिस्तीचा आणि तिच्या पोटात दडलेल्या प्रश्नाचा: नीट जबडा म्हणजे नेमका कोणाचा जबडा?

दात सरळ करण्याची खटपट अँगलच्या फार आधीची. पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ च्या ग्रंथात धातूच्या पट्टीला दोऱ्याने दात बांधून ओढण्याची युक्ती वर्णिली आहे. पण हे ज्याच्या-त्याच्या हातातले कसब होते, शास्त्र नव्हे. बिघाडाला नावच नव्हते. अँगलने वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी वरची पहिली कायमची दाढ हा स्थिर बिंदू मानला. तिचा बाहेरचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खोबणीत बसला, तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे पडली तर दुसरा, पुढे सरकली तर तिसरा. पहिल्या वर्गातही पुढचे दात वाकडे असू शकतात. गोंधळणारे विद्यार्थी नेमके इथेच गोंधळतात. या तीन शब्दांमुळे दूरदेशीचे दोन वैद्य एकाच दोषाविषयी बोलू लागले. १९०० मध्ये अँगलने सेंट लुईसला स्वतंत्र शाळाच काढली.

मग वाद पेटला. जबड्यात जागा अपुरी असेल तर दात काढावा का? अँगलचे उत्तर ठाम नकाराचे. सगळे दात जागेवर आणा, हाड त्यांच्याभोवती आपोआप वाढेल, चेहराही खुलेल! चेहऱ्याच्या आदर्शासाठी त्याने अपोलो बेल्वेडेरच्या पुतळ्याकडे बोट दाखवले होते. पण एडमंड वुर्पेल या चित्रकाराने त्याला बजावले की सर्वांना लागू पडेल असा एक आदर्श चेहरा नसतोच. (आमच्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहा. त्याचे भरीव ओठ अपोलोच्या मापात बसवायचे म्हटले, तर त्या चित्राचे काय उरेल?) १९११ मध्ये कॅल्विन केसने निवडक रुग्णांत दात काढण्याची बाजू जाहीरपणे मांडली, परंतु अँगलच्या दबदब्यापुढे ती बराच काळ मागे पडली.

ती उचलून धरली अँगलच्याच शिष्यांनी. चार्ल्स ट्वीडने पाहिले की एकही दात न काढता सरळ केलेल्या अनेक रुग्णांचे दात पुन्हा सरकतात, ओठ पुढे येतात. त्याने अशा रुग्णांच्या उपदाढा काढून उपचार नव्याने केले आणि १९४० मध्ये शंभर रुग्णांचे पुरावे मांडले. रेमंड बेग ऑस्ट्रेलियात परतून याच निष्कर्षाला पोहोचला, मात्र निराळ्या वाटेने: आदिवासींच्या झिजलेल्या दातांचा अभ्यास करून. त्याची हलक्या तारेची पद्धत भारतीय महाविद्यालयांतही दीर्घकाळ शिकवली गेली.

दात मुळात सरकतो कसा, हे स्वीडनच्या कार्ल सँडस्टेटने १९०४-०५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. दाबाच्या बाजूला हाड विरघळते, ताणाच्या बाजूला नवे बनते. दाब अति झाला, तर तिथल्या ऊतीचा रक्तपुरवठाच थांबतो, ती निर्जीव, काचेसारखी दिसू लागते आणि दात अडून बसतो. 'लवकर घट्ट करा ना, डॉक्टर' म्हणणाऱ्या पालकांना हे कुणीतरी सांगायला हवे.

आता त्या प्रश्नाकडे वळू. क्ष-किरणांवरून जबड्याचे कोन मोजण्याची ब्रॉडबेंटची पद्धत १९३१ ची. विल्यम डाउन्सने १९४८ मध्ये 'सामान्य' मापे दिली, ती उत्तम दंतरचनेच्या अवघ्या २० गोऱ्या अमेरिकन किशोरवयीनांवरून. तेच आकडे पाठ्यपुस्तकांतून जगभर गेले. वैजापूरच्या मुलीचे ओठ त्या मापाने 'पुढे आलेले' ठरले, तर तिच्या चार निरोगी उपदाढा काढण्याचा निर्णय त्यावर बेतला जाऊ शकतो. आणि काढलेला दात परत येत नाही. म्हणूनच भारतीय संशोधकांनी इथल्या निरनिराळ्या लोकसमूहांची मापे वेगळी घेतली. माझ्या मते, या विषयातले भारतीयांचे हे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी चर्चिलेले काम होय.

मराठवाड्याची आणखी एक अडचण कोणत्याही अमेरिकन वर्गीकरणात नव्हती. पूर्वी प्रत्येक दाताला धातूचे कडे चढवत. बुओनोकोरने १९५५ मध्ये आम्लाने दाताचे कवच खरवडण्याची युक्ती शोधली आणि पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले. पण बीड, नांदेडच्या काही गावांतील विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने डागाळलेले कवच आम्लाला सहज दाद देत नाही, पकड कच्ची राहते, ब्रॅकेट निघून येते. मग आम्ल अधिक वेळ ठेवावे लागते किंवा वरचा थर घासावा लागतो. प्रसंगी तर पुन्हा जुन्या कड्यांकडेच वळावे लागते.